जेरिकोच्या वृद्धेच्या चेहऱ्यावर ईर्ष्या खरोखर दिसते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्रेंच चित्रकार तेओदोर जेरिको याने रंगवलेले एका वृद्धेचे व्यक्तिचित्र एका कलाविद्यार्थिनीला वर्गात दाखवण्यात आले. ‘ईर्ष्येने वेडी झालेली स्त्री’ असे त्याचे शीर्षक सांगितले गेले आणि डोळ्यांतला मत्सर चित्रकाराने कसा पकडला आहे ते पाहा, असे सुचवण्यात आले. तिला तो मत्सर काही दिसला नाही; दिसली ती एक थकलेली, काहीशी सावध म्हातारी. आपल्या पाहण्यात काही उणे आहे का, आणि एखादा ठरावीक भाव चेहऱ्यावर आणायचा असेल तर तो रंगांतून कसा आणतात, असे तिने विचारले आहे.

आपल्या पाहण्यात उणे काही नाही, हे आधीच सांगतो. समोर माणूस बसवून व्यक्तिचित्रे रंगवण्याच्या आणि ती शिकवण्याच्या अनुभवातून माझे असे मत झाले आहे की या चित्रात ईर्ष्या रंगवलेलीच नाही. जेरिकोने रंगवली ती समोर बसलेली एक बाई : तिचे वय, तिची त्वचा, टोपीखालून निसटलेले केस, लालसर झालेल्या पापण्यांच्या कडा आणि आपल्याकडे न वळलेली नजर. ईर्ष्या हे तिच्या रोगाला दिलेले नाव होते आणि ते आपल्यापर्यंत शीर्षकाच्या वाटेने पोचले. शीर्षक एकदा वाचले की डोळे त्याचा पुरावा शोधू लागतात, आणि चेहरा इतका जिवंत रंगवलेला असला की शोधणाऱ्याला तो सापडतोही. आपण शीर्षकाआधी चेहरा पाहिलात, एवढाच फरक.

हे चित्र आज फ्रान्समधील लिओं शहराच्या कलासंग्रहालयात आहे. संग्रहालयाने ते १९०८ साली विकत घेतले. कॅनव्हासवरील तैलरंगातले हे चित्र साधारण ७२ सेंटिमीटर उंच आणि ५८ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे डोके जवळजवळ प्रत्यक्षाएवढे येते. पुस्तकातल्या छोट्या छपाईत ही गोष्ट हरवते, आणि ती महत्त्वाची आहे, कारण प्रत्यक्षाएवढ्या डोक्यासमोर उभे राहिल्यावर आपण एखादे उदाहरण पाहत नसतो, माणसासमोर उभे असतो. चित्राचा काळ ढोबळमानाने १८१९ ते १८२३ असा धरतात. म्हणजे ‘मेड्युसाचा तराफा’ हे जवळपास पाच मीटर उंच आणि सात मीटर रुंद चित्र १८१९ च्या पॅरिसमधील प्रदर्शनात मांडल्यानंतरचा आणि जानेवारी १८२४ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी, जेरिकोचा मृत्यू होण्याआधीचा हा काळ.

शीर्षकाची कहाणी आधी पाहू, कारण घोळ तिथेच आहे. जेरिकोने मनोरुग्णांची एकूण दहा व्यक्तिचित्रे रंगवली, ती पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील तरुण डॉक्टर एत्येन-झाँ जॉर्जे याच्यासाठी होती, आणि १८२८ साली जॉर्जे वारल्यावर ती दोन डॉक्टरांमध्ये पाच-पाच अशी वाटली गेली, असे सांगितले जाते. मारेशाल नावाच्या डॉक्टरकडे गेलेली पाच चित्रे ब्रिटनी प्रांतात गेली आणि त्यानंतर त्यांचा माग लागला नाही. त्यांपैकी एखादे सापडल्याचे दावे अधूनमधून होत असतात. लाशेझ नावाच्या डॉक्टरकडची पाच चित्रे जर्मनीतल्या बाडन-बाडन येथे एका माळ्यावर पडून होती. ती १८६३ साली लुई व्हियार्दो या कलासमीक्षकाच्या नजरेस पडली. त्याने पुढल्या वर्षी या शोधाची हकिगत पत्ररूपाने छापून आणली. आपल्याला ठाऊक असलेले बहुतेक सारे, दहाचा आकडा, जॉर्जेचे नाव आणि चित्रांची वाटणी, या एका हकिगतीवर उभे आहे. ही हकिगत चित्रे रंगवल्यावर सुमारे चाळीस वर्षांनी, चित्रकार आणि डॉक्टर दोघेही केव्हाच गेल्यानंतर लिहिली गेली. कोणत्या चित्रात कोणता रोग आहे ही यादीही तेव्हाच लोकांपुढे आली : एक मुले पळवणारा, एक चोरीची खोड असलेला, एक जुगाराने पछाडलेली, एक स्वतःला सेनापती समजणारा आणि आपली ही वृद्धा. पुढे तिला ‘साल्पेत्रिएरचे तरस’ असेही नाव चिकटले. माणसाच्या चेहऱ्याला जनावराचे नाव दिले की पाहणाऱ्याचे काम फार सोपे होते, म्हणून मला ते नाव मुळीच आवडत नाही.

यादी खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. लाशेझने जॉर्जेकडून ऐकलेले रोग त्याला नीट आठवत असतील. पण जेरिकोने स्वतः या चित्रांविषयी लिहिलेले एक अक्षरही आपल्याजवळ नाही. जॉर्जेने चित्रे मागवली होती, की जेरिकोने ती कृतज्ञतेने दिली, की ‘तराफा’ पुरा झाल्यावर जेरिकोची मनःस्थिती ढासळली तेव्हा जॉर्जेने त्याच्यावर उपचार केले होते, या साऱ्या शक्यता वेगवेगळ्या अभ्यासकांनी मांडल्या आहेत. जेरिकोच्या कुटुंबात मनोविकाराचा इतिहास होता, असेही चरित्रकार सांगतात. त्यातून या चित्रांविषयी फार निष्कर्ष काढू नयेत असे मला वाटते. चित्रकाराच्या घरातले दुःख आणि त्याने रंगवलेला चेहरा यांना जोडणारी वाट वाचकाला नेहमी सरळ वाटते, रंगवणाऱ्याला ती तशी सरळ नसल्याचे ठाऊक असते.

आता तो रोग. एस्किरोल या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ‘मोनोमेनिया’ ही कल्पना पुढे आणली. माणूस एकाच विषयापुरता भ्रमिष्ट होतो आणि उरलेल्या सर्व व्यवहारांत त्याची बुद्धी शाबूत राहते, असे तिचे सूत्र होते. जॉर्जे हा एस्किरोलचा शिष्य. वेडेपणावरचा त्याचा ग्रंथ १८२० साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तो पंचविशीत होता. पुढे काही गाजलेल्या खून-खटल्यांचे परीक्षण करून, अशा एकविषयी उन्मादात गुन्हा करणाऱ्याला फाशी देणे अन्याय्य आहे, तो रोगी आहे, अशी बाजू त्याने लेखनातून मांडली. न्यायाधीशांचा आक्षेप उघड होता : हा माणूस तर तुमच्याआमच्यासारखाच दिसतो, नीट बोलतो, मग वेडा कसा? आज वैद्यकशास्त्रात मोनोमेनिया हे निदान उरलेले नाही. पण चित्र समजण्यासाठी ते सूत्र लक्षात ठेवावे लागते. बाकी सगळे शाबूत असलेल्या माणसाचा चेहरा रंगवायचा तर विस्फारलेले डोळे, वाकडे तोंड आणि पिंजारलेले केस यांचा काही उपयोग नाही. तुमच्याआमच्यासारखाच दिसणारा चेहरा रंगवावा लागतो.

जेरिकोच्या आधीच्या चित्रकारांना असा अडसर नव्हता. इटलीतील पादुआ येथील अरेना चॅपेलमध्ये जोत्तो या चित्रकाराने चौदाव्या शतकाच्या सुरुवातीस ईर्ष्येची आकृती रंगवली आहे. तिच्या तोंडातून साप बाहेर पडतो आणि वळून तिच्याच डोळ्यांवर येतो, पायांशी आग आहे, हातात घट्ट धरलेली थैली आहे, कान अवाढव्य आहेत. ते उत्कृष्ट चित्र आहे, आणि त्यात शीर्षकाची गरजही पडत नाही, कारण तिथे ईर्ष्या हीच व्यक्तिरेखा आहे. सतराव्या शतकात शार्ल ल ब्रँ या चित्रकाराने फ्रान्सच्या चित्र-शिल्प अकादमीत भावदर्शनावर व्याख्यान दिले आणि राग, भीती, मत्सर, विस्मय अशा प्रत्येक भावाला भुवयांची, नाकपुड्यांची, ओठांची ठरावीक ठेवण नेमून दिली. अठराव्या शतकात तर अकादमीत ‘भावमुद्रेचे डोके’ रंगवण्याची वेगळी स्पर्धाच सुरू झाली. नाट्यशास्त्रातही असूया हा तेहेतीस व्यभिचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या, भावांपैकी एक आहे आणि तिचा अभिनय कसा करावा हे सांगितलेले आहे. पण तो नटासाठीचा विचार आहे, आणि नटाला मागच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत पोचायचे असते. ल ब्रँची अडचण अशी की त्याने नटाचा नियम चित्रकाराला लावला. पॅरिसच्या पद्धतशीर शिक्षणात वाढलेल्या जेरिकोला हे सारे माहीत होते. पिएर-नार्सिस गेराँ या अभिजातवादी चित्रकाराच्या स्टुडिओत तो शिकला होता आणि लूव्रमध्ये बसून त्याने जुन्या चित्रकारांच्या कितीतरी प्रती केल्या होत्या. तरीही या वृद्धेच्या चेहऱ्यावर त्याने ठरावीक भावमुद्रांचा तो संच वापरला नाही.

वेड्यांची चित्रे काढण्याची एक रूढ रीतही होती : अंधारी कोठडी, गज, साखळ्या, उघडीनागडी माणसे. स्पॅनिश चित्रकार गोयाने १७९४ साली वेड्यांच्या इस्पितळाचे अंगण रंगवले. त्यात दोन नग्न माणसे झुंजत आहेत आणि वरून पांढरा, निर्दय उजेड येतो आहे. स्वच्छंदतावादी काळातल्या अनेकांना वेड हा विषय मोहवत होता आणि बहुतेकांनी तो नाट्यमय करूनच मांडला. जेरिकोच्या चित्रात साधी पार्श्वभूमी आहे, गडद तपकिरी; ती कोणत्याही श्रीमंत माणसाच्या व्यक्तिचित्रामागे चालली असती. रुग्णालयाची एकही खूण नाही. बाईने त्या काळच्या फ्रान्समधल्या साध्या घरांतल्या वृद्धा घालत तशी पांढरी, झालरीची टोपी घातली आहे, अंगावर तपकिरी छटेचा जाड कोटासारखा कपडा आहे, गळ्यापाशी तांबडा तुकडा डोकावतो. हात चौकटीबाहेर आहेत. अर्धाकृती व्यक्तिचित्राची हीच तर सभ्य, प्रचलित मांडणी होती, आणि ज्या बाईला एरवी कुणा चित्रकाराने समोर बसवून घेतले नसते तिला जेरिकोने ती दिली.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, आणि इथे जरा रेंगाळणार आहे. भाव चेहऱ्यावर कसा आणायचा? माझे उत्तर असे की तो आणायला जाऊ नये. चेहऱ्याचे पृष्ठभाग आणि त्यांवरचा उजेड इतका नेमका पकडावा की भाव पाहणाऱ्याच्या मनात तयार होईल. हे गुळमुळीत वाटू नये म्हणून याच चित्रावर ते दाखवतो.

एक कागद घेऊन चित्राचा नाकाखालचा भाग झाका. डोळे सावध आहेत, काहीतरी टिपत आहेत, त्यांच्या कडा लालसर आहेत. जागरण झाले असेल, रडणे झाले असेल किंवा नुसता आजार असेल. आता कागद वर सरकवून डोळे झाका. तोंड मिटलेले आहे, ओठ आत ओढलेले आहेत, दात गेलेल्या वृद्ध माणसाचे असतात तसे. त्यात राग नाही, हसू नाही, काही बोलायची इच्छाही नाही. दोन्ही भाग एकच गोष्ट सांगत नाहीत. नवशिका चित्रकार दुःखी चेहरा रंगवताना भुवया दुःखी करतो, डोळे दुःखी करतो, ओठही दुःखी करतो, आणि परिणाम जाहिरातीसारखा होतो. खऱ्या चेहऱ्यात अवयवांचा असा एकमताचा ठराव क्वचितच असतो. जेरिकोच्या चित्रात डोळे आणि तोंड यांच्यामधल्या त्या न जुळण्यातून पाहणाऱ्याला वाटते की ही बाई काहीतरी आत धरून आहे. त्या ‘काहीतरी’ला शीर्षकाने ईर्ष्या म्हटले, आपण थकवा म्हटला. दोन्ही वाचने चित्रात बसतात.

नजरेविषयी एक गोष्ट बारकाईने पाहावी. ती आपल्याकडे पाहत नाही, आणि या मालिकेतल्या उरलेल्या चौघांपैकीही कुणी पाहणाऱ्याच्या डोळ्याला डोळा देत नाही. पैसे देऊन रंगवून घेतलेल्या व्यक्तिचित्रात माणूस सहसा आपल्याला ओळख देतो. इथे ती नाकारली आहे. पण जेरिकोने नजर शून्यातही लावलेली नाही, चौकटीबाहेरच्या एखाद्या वस्तूवर ती खिळली आहे असे वाटते. व्यक्तिचित्र करताना मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो की दोन्ही बुबुळांवरचे उजेडाचे ठिपके ठेवण्याआधी नजर कुठे टेकली आहे ते अंतर ठरवा. जवळ पाहणाऱ्याची बुबुळे किंचित आत वळतात, दूर पाहणाऱ्याची समांतर राहतात. केसभराच्या या फरकाने अख्खा चेहरा बदलतो, आणि ओठांच्या कोपऱ्यांवर कितीही मेहनत केली तरी तो फरक भरून निघत नाही.

लाल कडांचे तंत्र तर शिकण्यासारखेच आहे. पापण्यांच्या कडा लाल दाखवायच्या म्हणून नवखा हात सरळ व्हर्मिलियन हा भडक लाल रंग उचलतो आणि डोळ्यांना रंगभूषा केल्यासारखे दिसते. या चित्रात त्वचेचा एकूण कल पिवळसर आहे आणि उजेड-सावलीच्या मधल्या छटा हिरवट-करड्या आहेत. त्यामुळे थोडासा, मळकट लालही त्या शेजारात ओरडून दिसतो. म्हणजे लाल रंग आधी भोवतालच्या करड्यात मिळतो, ट्यूबमधून नंतर. डोळ्यांचा पांढरा भागही पांढरा ठेवू नये. तो करडा असतो, पापणीची सावली त्यावर पडते, आणि एक उजळ ठिपका खालच्या पापणीच्या ओल्या कडेवर येतो. वृद्ध डोळा रंगवताना या ओल्या कडेची जाडी दाखवणे विसरू नये.

सुरकुत्यांच्या बाबतीत जेरिकोने घेतलेला निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. त्याने त्या रेषांनी काढलेल्या नाहीत. कपाळ, गालाचे हाड, नाकाच्या बाजूचा उतार हे पृष्ठभाग त्याने जाडसर रंगाच्या, आकाराच्या दिशेने फिरणाऱ्या फटकाऱ्यांनी बांधले आणि दोन पृष्ठभाग जिथे मिळतात तिथे सुरकुती आपोआप झाली. कोट मात्र पातळ रंगात, घाईने, जवळजवळ दुर्लक्षाने उरकला आहे. टोपीचा पांढरा हा चित्रातला सर्वांत उजळ आणि जाड भाग; झालरीवरचे फटकारे मोजून घ्यावेत इतके स्पष्ट आहेत. पण टोपीच्या बाहेरच्या कडा काही ठिकाणी पार्श्वभूमीत विरघळू दिल्या आहेत, म्हणून एवढा उजळ रंग असूनही तो चेहऱ्यावरून लक्ष हटवत नाही. विद्यार्थ्यांच्या कामात नेमके उलटे होते : चेहरा घाबरत घाबरत, गुळगुळीत, आणि कपड्यांवर तासन्‌तास मेहनत.

हे चित्र एका किंवा फार तर दोन बैठकींत, ओल्या रंगात ओला रंग मिळवत केले असावे, असे मला फटकाऱ्यांवरून वाटते. हा माझा तर्क आहे, पण व्यवहाराने पटणारा. आजारी, अस्वस्थ माणूस अनेक दिवस तासन्‌तास एका जागी बसत नाही. चित्रकाराला पहिल्या अर्ध्या तासात मोठे आकार आणि उजेडाची दिशा ठरवून टाकावी लागते. जेरिकोला त्या वेगाची सवय होती. ‘तराफा’च्या तयारीत त्याने इस्पितळातून आणलेल्या कापलेल्या अवयवांची आणि मृत डोक्यांची अभ्यासचित्रे केली होती, आणि तो विषय चित्रकारासाठी फार काळ थांबत नाही. घोड्यांच्या डोक्यांची त्याने केलेली तैलचित्रेही माणसांच्या व्यक्तिचित्रांइतकीच गंभीर आहेत. समोर जे आहे त्याच्याविषयी आधीच मत बनवून न घेण्याची ही सवय त्याला या वृद्धेच्या वेळी उपयोगी पडली असणार.

याच कारणाने, ही चित्रे जॉर्जेच्या विद्यार्थ्यांना रोग ओळखायला शिकवण्यासाठी होती, हे मत मला पूर्ण पटत नाही. त्या कामासाठी एस्किरोलने गाब्रिएल नावाच्या चित्रकाराकडून रुग्णांच्या डोक्यांची रेखाटने करून घेतलीच होती. शिकवण्यासाठी रेखाटन स्वस्त पडते, त्याचा ठसा काढून पुस्तकात छापता येतो, कवटीचा आकार नीट दाखवता येतो. लाव्हाटर या स्विस लेखकाच्या मुखसामुद्रिकाचा प्रभाव तेव्हा ओसरला नव्हता आणि चेहऱ्यावरून अंतरंग वाचता येते, अशी अनेकांची समजूत होती. पण प्रत्यक्षाएवढे तैलचित्र, तेही रोगाचे लक्षण कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येऊ नये असे, वर्गात टांगून शिक्षक काय शिकवणार? चेहऱ्यावरून निदान होत नाही, एवढेच. जॉर्जेला न्यायालयाविरुद्धच्या वादात कदाचित हेच हवे असेल, अशी एक शक्यता मात्र माझ्या मनात येते. पुढे १८७० च्या दशकात याच साल्पेत्रिएरमध्ये शार्को या डॉक्टरच्या कारकिर्दीत स्त्री-रुग्णांची छायाचित्रे पद्धतशीरपणे काढून प्रसिद्ध केली गेली. त्यांत झटके, वाकलेली शरीरे आणि नाट्यमय मुद्रा ठासून भरल्या आहेत. यंत्राने टिपलेली ती छायाचित्रे जेरिकोच्या हाताने रंगवलेल्या चित्रापेक्षा कितीतरी जास्त रंगवलेली वाटतात.

तुलनेसाठी त्याच काळातले दुसरे एक चित्र शेजारी ठेवून पाहावे : फ्रेंच चित्रकार अँग्र याने १८१४ च्या सुमारास रंगवलेले मादाम द सेनॉन हिचे व्यक्तिचित्र, जे नाँत शहराच्या संग्रहालयात आहे. लाल मखमल, पिवळ्या रेशमी गाद्या, बोटाबोटांत अंगठ्या, मागे आरसा आणि आरशाच्या चौकटीत खोचलेल्या चिठ्ठीवर चित्रकाराची सही. ते विलक्षण देखणे आहे आणि त्यातल्या मखमलीची प्रत करून पाहणाऱ्याला आयुष्यभर पुरेल इतके शिक्षण मिळते. त्या स्त्रीचे नाव, घराणे, लग्न सगळे आपल्याला माहीत आहे, आणि तरी तिच्या मनात काय चालले आहे याचा पत्ता त्या गुळगुळीत चेहऱ्यावरून लागत नाही. लिओंच्या चित्रातल्या बाईचे नावसुद्धा उरलेले नाही, फक्त रोग उरला. नावाची अशी गळती त्या काळात एकटीची नव्हती. मारी-गिल्मिन बनोआ हिने १८०० साली प्रदर्शनात मांडलेले एका कृष्णवर्णीय स्त्रीचे देखणे व्यक्तिचित्र दोन शतके केवळ वर्णाच्या उल्लेखाने ओळखले गेले. २०१९ साली पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातील प्रदर्शनात ते ‘मादलेनचे व्यक्तिचित्र’ म्हणून मांडले गेले, कारण अभ्यासकांना तिचे नाव सापडले. जेरिकोच्या वृद्धेच्या बाबतीत असे काही हाती लागेल अशी आशा मला फारशी नाही, कारण चित्राला रुग्णालयाच्या नोंदवहीशी जोडणारा दुवाच आपल्याकडे नाही.

आपण या चित्राची प्रत करणार असाल, आणि ती करावीच, तर काही व्यवहारातल्या सूचना. मोबाइलच्या पडद्यावरून रंग ठरवू नका. पडदा तपकिरी सावल्यांना एकतर काळे करतो नाहीतर तांबूस. दोन-तीन वेगवेगळ्या छापील प्रती समोर ठेवून त्यांच्या मधला रंग पकडणे बरे. कॅनव्हासवर आधी तपकिरी रंगाचा पातळ हात द्या आणि तो वाळल्यावर काम सुरू करा, म्हणजे कोटाच्या सावल्यांत तो तसाच उघडा ठेवता येईल. त्या काळचा पांढरा हा शिशाचा पांढरा होता. तो उबदार, किंचित पारदर्शक आणि ब्रशमागे ओढला जाणारा असतो. आपल्याकडे सर्रास मिळणारा टायटॅनियम व्हाइट थंड आणि फार झाकणारा आहे, त्याने त्वचा खडूसारखी होते. त्यामुळे त्वचेसाठी त्यात आधीच थोडा यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, मिसळून ठेवावा आणि टोपीच्या उजळ भागांसाठी तो वेगळा, स्वच्छ ठेवावा. शिशाचा पांढरा विषारी असतो. तो मिळाला तरी विद्यार्थ्याने त्याच्या नादी लागू नये. आकार मूळचाच घ्या. डोके लहान केले की फटकारे लहान होतात आणि ज्या निर्णयांविषयी वर लिहिले ते घेण्याची वेळच येत नाही.

वर्गातल्या चर्चेसाठी आणखी एक करता येईल. मालिकेतली उरलेली चार चित्रे मिळवा : जुगाराने पछाडलेली स्त्री लूव्रमध्ये आहे, चोरीची खोड असलेला माणूस बेल्जियममधील गेंट येथे, मुले पळवणारा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफिल्ड येथे आणि सेनापतीचा भ्रम असलेला स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे. पाचही चित्रे शीर्षकांशिवाय सहाध्यायांपुढे ठेवा आणि कोणते कोणाचे ते लिहून द्यायला सांगा. सेनापती बहुतेक ओळखला जाईल, कारण त्याच्या अंगावर बिल्ला आहे आणि डोक्यावर गोंड्याची टोपी. उरलेल्या चौघांच्या उत्तरांत किती मेळ बसतो ते पाहा, आणि मग डोळ्यांतल्या मत्सराचा मुद्दा वर्गात पुन्हा काढा.